डाळिंबावरची टिचकी

मी एक जुनं जनुक आहे, आणि तेही बिघडलेलं. मित्रांनो, हसू नका. तुमच्या पेशींत गुणसूत्रं असतात ना, त्यांतल्या एक्स नावाच्या गुणसूत्रावर माझं घर. लाल आणि हिरवा रंग वेगळे दाखवायला मदत करायची, एवढंच माझं काम. तेच मला कधी नीट जमलं नाही.

कोल्हारच्या सहादेवच्या अंगात मी राहायचो. डाळिंबांच्या तोडणीत तो पिकलेल्यांबरोबर हिरवी कच्चीही तोडून आणायचा. थोरला भाऊ सगळ्यांदेखत म्हणायचा, "डोळं हायती का बटनं?" सहादेव मान खाली घालायचा. त्याची लहानगी लेक चांगुणासुद्धा फिदीफिदी हसायची. चूक माझी आणि बोलणी त्याला! फार वाईट वाटायचं मला.

मग त्यानंच युक्ती काढली. प्रत्येक डाळिंबाला टिचकी मारायची. पिकलेलं खणखणीत वाजतं, कच्चं बद्द. पण काम सावकाश होतं म्हणून भावानं त्याला तोडणीतून काढलं आणि पाणी धरायला लावलं. तरी जाता-येता तो टिचक्या मारायचाच. काय दिवस होते ते! त्याच्या बोटांचा आवाज मला अजून आठवतो.

सहादेवकडून मी चांगुणात आलो. बापाकडं एकच एक्स असतं, ते लेकीला मिळतंच. पण तिच्याकडं आईकडून आलेलं दुसरं एक्सही होतं. त्यावरच्या धडधाकट जनुकानं माझं काम सांभाळून घेतलं आणि मी वर्षानुवर्षं गप्प बसलो. पुढं तिला ओंकार झाला. मुलाला बापाकडून वाय मिळतं, एक्स फक्त आईचं. दोनांतलं नेमकं माझंच त्याच्या वाट्याला आलं. आता सांभाळून घेणारं कुणी नव्हतं.

परवाच्या तोडणीला बावीस वर्षांच्या ओंकारनं तेच केलं. टेम्पो बांधावर उभा आणि क्रेटमध्ये निम्मी कच्ची! चांगुणा कडाडली, "आज्यावर गेलाय नुसता! आबाबी असाच वेंधळा हुता. उद्यापासून बागेत यायचं न्हाई."

ओंकारचा सगळा जीव त्या बागेवर. तो घरी जाऊन भिंतीकडं तोंड करून बसला.

त्याची धाकटी बहीण पूजा बारावीला सायन्सला आहे. तिनं मोबाईलवर रंग ओळखता येतात का ते तपासायचं ठिपक्यांचं चित्र उघडलं. "दादा, यात आकडा कोणता?"

"कसला आकडा? नुसतं ठिपकंच हायती."

पूजा चमकली. तिनं वहीत आजोबा, आई आणि दादा अशा रेघा ओढल्या आणि आईला माझी सगळी वाट दाखवली.

चांगुणा वहीकडं बघतच राहिली. "म्हंजे आबाला दिसतच नव्हतं? आन् आमी हसायचो गं त्याला!" तिनं पदर डोळ्यांना लावला.

मित्रांनो, मला कुणी दुरुस्त करू शकत नाही, आणि माझी तशी तक्रारही नाही. पण कुणाच्या चुकीला हसण्याआधी, त्याला काय दिसतंय एवढं तरी विचारत जा. सहादेवला कुणी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी चांगुणानं ओंकारला हाताला धरून बागेत नेलं. एक डाळिंब त्याच्या कानाजवळ धरून तिनं टिचकी मारली.

"ऐक," ती म्हणाली. "ह्येबी तुज्या आज्याचंच हाय."