पिटकेथलीचा उजवा गुडघा

फुटबॉल हंगामाच्या शेवटच्या शनिवारी लॉखमिलच्या संघाला फक्त बरोबरी हवी होती. हरले तर खालच्या विभागात रवानगी ठरलेली. समोर होतं कारब्रे, आणि कारब्रेला या सामन्याचं सोयरसुतक नव्हतं. खेळाडू उन्हाळ्यातल्या मासेमारीच्या गप्पा मारत बूट चढवत होते. सोयरसुतक होतं ते फक्त त्यांच्या मॅनेजरला. डेव्ही रॅट्रेने लॉखमिलवर डूख धरला होता.

मुळात तो लॉखमिलचाच. खाणीतून वर आला आणि मधल्या फळीत असा खेळला की गावाने त्याला डोक्यावर घेतलं. मग कपच्या उपांत्य सामन्यात गुडघा गेला. बदली माणूस उतरवायची सोय त्या काळी या खेळात नव्हती. जखमी गडी बाहेर बसायचा, नाहीतर मैदानाच्या कडेला एका विंगेवर नुसता उभा राहायचा, म्हणजे समोरच्यांना निदान त्याच्यावर एक डोळा ठेवावा लागायचा. डॉक्टर नको म्हणाला होता. पण क्लबात शब्द चालायचा वॉल्टर पिटकेथलीचा. मटणाची चार दुकानं आणि संचालकांत पहिली खुर्ची. त्याने स्वतः आत येऊन पट्टी आवळायला लावली. कसायाला गाय धार्जिणी, तसा डेव्ही उठला आणि विंगेवर जाऊन उभा राहिला. थोड्याच वेळात कोणीतरी अंगावर आलं, आणि गुडघा कायमचा गेला.

लॉखमिल जिंकलं. डेव्ही इस्पितळात पडून होता, तिकडे एकही संचालक फिरकला नाही. हंगाम संपताच त्याचं नाव कमी झालं.

त्यानंतर इंग्लंडमधल्या फुटकळ क्लबांत त्याने दुसऱ्यांच्या पोटऱ्या चोळल्या, चिखलाचे बूट साफ केले, आणि हळूहळू पोरांना खेळ शिकवायला लागला. कारब्रेने बोलावलं तेव्हा त्याने एकच अट घातली. संघ मी निवडणार, आणि कोणी संचालक ड्रेसिंग रूमच्या दारात पाऊल टाकणार नाही. संचालक हसले. संघ वरच्या विभागात चढला तेव्हा हसणं थांबलं.

आणि आता पिटकेथली रॅट्रेच्याच मैदानावर, गोल हॅट घालून, पाहुण्यांच्या खुर्चीत बसला होता.

मध्यंतराच्या जरा आधी लॉखमिलचा निनियन होग कोसळला. त्यांचा सगळ्यात चांगला खेळाडू. त्याने गुडघा धरलेला रॅट्रेने पाहिला. मग त्याने वर पाहिलं. पिटकेथली खुर्चीतून उठून जिना उतरत होता, लॉखमिलच्या ड्रेसिंग रूमकडे. रॅट्रेला आनंद झाला, खोटं कशाला बोला.

मध्यंतराला आत येऊन रॅट्रेने बचावातल्या उजव्या बॅकला, टॅम गॉरीला, बाजूला घेतलं.

"होग तुझ्या बाजूला येऊन उभा राहील. उजवा गुडघा गेलाय त्याचा."

"मग सोडूनच देतो त्याला, बॉस. लंगड्यापाशी कशाला थांबू?"

"सोडायचं नाही. पहिला चेंडू त्याच्याकडे आला की थेट त्या गुडघ्यावर जा. ते दहाच उरले पाहिजेत."

गॉरी जरा वेळ बुटाच्या नाडीशी खेळत बसला. "माझ्या मावशीच्या गल्लीत राहतो तो. नुकतंच पोर झालंय घरात."

"पुढच्या वर्षी इथं खेळायचंय ना तुला?"

गॉरीने नाडी बांधली.

मध्यंतरानंतर होग मैदानात आला तो पाय ओढतच. चेंडू आला, गॉरी गेला. जो आवाज झाला तो बाकावरही ऐकू आला. होगला उचलून नेलं. दहा जण कसेबसे झुंजले, पण अखेर गोल बसलाच. लॉखमिल खाली गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे रॅट्रेला कळत नव्हतं असं नाही. पण चोराचं घर तरी बुडालं, असं त्याने मनाला सांगितलं. आता फक्त पिटकेथलीचं पडलेलं तोंड बघायचं होतं.

पिटकेथली ड्रेसिंग रूमबाहेरच्या बोळातच भेटला. तोंड पडलेलं नव्हतं. त्याने रॅट्रेचा हात धरला आणि दाबला.

"डेव्ही, आमच्या मॅनेजरला हेच जमत नाही बघ. माणसांची तोंडं बघत बसतो. तू नाही बघितलंस. ये आमच्याकडे, एका वर्षात परत वर नेशील. संघ तूच निवड."

"होग कसा आहे?" रॅट्रेने विचारलं.

"होग?" पिटकेथलीला क्षणभर आठवावं लागलं. "संपला तो. नेलं असेल त्याला. तू बोल, येतोस?"

तेरा वर्षं जपलेली शिवी रॅट्रेच्या जिभेवर आली. एवढ्यात पिटकेथलीच्या खांद्यामागे त्याला गॉरी दिसला. खांद्यावर टॉवेल टाकून तो दारात उभा होता, आणि त्याने सगळं ऐकलं होतं. त्याची नजर पिटकेथलीवर नव्हती. तो आपल्या मॅनेजरकडे बघत होता.

शिवी कोणाला लागेल हे रॅट्रेला कळलं, आणि त्याने ती गिळली.