साडूसाठी न्हाणी

कमोडचं खोकं छातीशी कवटाळून हनुमान टेम्पोतून उतरला, तेव्हा निम्मी गल्ली बघायला उभी होती. खोकं जड, ऊन ज्येष्ठाचं, आणि मागून हात लावायला कोणी नाही. समोरच्या ओट्यावर आश्रुबा तंबाखू मळत बसला होता. अशी संधी तो थोडीच सोडणार?

"मारुतीराया, ह्यो कंचा डोंगर उचलून आणलास बाबा?"

"संजीवनी हाय. साडूसाठी," हनुमान म्हणाला.

गल्ली हसली. हनुमानही हसला. दारातून छबुबाई लगबगीनं आली आणि हात न लावता नुसतीच खोक्याभोवती फिरू लागली.

"हळू रे! आदळशील कुठं. महागाचं हाय ते."

भाच्याची कंबर मोडली असती तरी चाललं असतं. ती फुकटची होती.

छबुबाई त्याची मामी, आणि आठ वर्षांपासून सासूही. मामाच्या, म्हणजे सुंदररावांच्या, थोरल्या मुलीशी, वनमालाशी, त्याचं लग्न झालं तेव्हा सगळे म्हणाले, घरातल्या घरात झालं, बरं झालं. बरं कसलं? मामाचा जावई होणं म्हणजे पिकतं तिथं विकत नाही, अशातली गत. आठ वर्षांत 'या जावईबापू, बसा' असं त्याला या दारात कोणी म्हटलं नव्हतं. तो आला की मामी म्हणायची, बरं झालं आलास, तेवढी गॅसची टाकी लावून दे. मामा म्हणायचे, बरं झालं आलास, मोटर बंद पडलीय. त्याचं गाव शीव ओलांडली की लागायचं, म्हणून तो येतही वारंवार होता. मामांना मुलगा नव्हता. काम निघालं की हनुमान.

आणि आता धाकट्या मोहिनीचा नवरा पहिल्यांदा धोंडे खायला येणार होता. गेल्या हिवाळ्यात त्यांचं लग्न झालेलं. शिवशंकर पुण्यात कंपनीत मोठ्या पगारावर होता. दर तिसऱ्या वर्षी अधिक महिना येतो, लेकी-जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, कपडेलत्ते करतात. एवढं सगळं हनुमानला मान्य होतं. पण मोहिनीनं फोनवर "अण्णा, यांना उघड्यावर आंघोळीची सवय न्हाई" म्हणायचा अवकाश, सुंदररावांनी घरामागची न्हाणी आणि शेजारचा संडास पाडून दोन्ही एक करायला काढले, हे काही त्याला मान्य नव्हतं.

तो स्वतः पहिल्या धोंड्याला आला, तेव्हा याच न्हाणीत न्हाला होता. तीन बाजूंनी पत्रा, चौथ्या बाजूला मामीची जुनी साडी. वारं सुटलं, साडी उडाली, आणि त्या गडबडीत शेळीनं साबण पळवला. अख्खं घर पोट धरून हसलं. मामा म्हणाले होते, "असू दे रे, घरचाच हाय." तेव्हा तोही हसला होता. आता ते आठवलं की त्याची कानशिलं तापायची. शिवशंकर या घरचा जावई, मग आपण कोण? बिनपगारी गडी?

पप्पू मिस्त्रीनं पन्नास हजारांत बसवतो म्हणून सांगितलं. सुंदररावांनी तोंड वाकडं केलं. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी आठवडी बाजार पालथा घालणारा माणूस तो! एके काळी सोसायटीचे चेअरमन होते, तेव्हा मीटिंगच्या चहात दूध जास्त पडलं तरी विचारायचे. शेवटी त्यांनी होकार दिला आणि हनुमानला म्हणाले, "आता तूच बघ सगळं. मला त्यातलं काय कळत न्हाई."

तिथंच हनुमानच्या डोक्यात किडा वळवळला. लाडक्या जावयासाठी मामाचा हात किती सैल सुटतो, ते बघूच म्हटलं. कुठंतरी 'नको' म्हणतीलच की. ते एक 'नको' ऐकायला त्याचे कान आसुसले.

आष्टीच्या दुकानातून त्यानं फोन लावला.

"मामा, एक साधी फरशी हाय, अन् एक चकचकीत हाय. चकचकीत दुप्पट पडतीय."

मामा पलीकडं खाकरले.

"तुला कंची चांगली वाटती?"

"चकचकीत."

"मग ती आन."

हनुमाननं फोन खिशात कोंबला. त्याच्या लग्नात वाजंत्रीवाले दोन सांगायचे की चार, यावरून हेच मामा तासभर भांडले होते.

तो फरशीवर थांबला नाही. भिंतीच्या टाइल्स त्यानं पार छताला टेकवल्या. मग शॉवर आणला. गावात टँकर दोन दिवसांआड येत होता, बाया हंड्यासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या, आणि सुंदररावांच्या परसात न्हायला शॉवर! पप्पू मिस्त्रीनं थापी खाली ठेवली.

"दादा, तुमचा साडू राजवाड्यात वाढलाय का?"

"राजाच हाय तो. तू लाव."

मग गिझर. त्या उन्हात टाकीतलं पाणीच अंगाला चटके देत होतं. छबुबाईला राहवलं नाही. "अगं बाई, उन्हाळ्यात कशाला गिझर?" ती म्हणाली, आणि हनुमानला एकदम आशा वाटली. पण सुंदरराव म्हणाले, "हनुमंता म्हणतोय ना, मग लागत असंल. आन रे."

प्रत्येक 'आन'सरशी त्याच्या पोटात निखारा पडायचा, आणि प्रत्येक निखाऱ्यासरशी तो नवी वस्तू काढायचा. बघणाऱ्याला वाटावं, काय हौशी माणूस आहे! वनमालाला मात्र तसं वाटलं नाही. एका संध्याकाळी तिनं भाकरी त्याच्या ताटात टाकली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"गिझर कुणी सांगितला?"

"पाव्हण्याला लागंल."

"मी मोहिनीला विचारलं. ती म्हणती, मी तर नुसतं कमोड अन् दाराला आतून कडी सांगितलती. बाकी काय बी न्हाई."

हनुमान भाकरी मोडत राहिला.

"तुमच्या पोटात दुखायलंय," वनमाला म्हणाली.

"दुखायलंय! लई दुखायलंय!" तो एकदम ओरडला. "माझ्या येळंला सगळ्याला नको नको म्हणत होते. आता कावून म्हणत न्हाईत? तोंड हाय ना मामाला?"

"अन् तवर माझ्या बापाला खड्ड्यात घालणार तुमी."

"त्यांनी एकदा नको म्हणावं. मी तिथंच थांबतो."

 वनमालानं कालवणाचं भांडं त्याच्यापुढं सरकवलं आणि ती अंगणात जाऊन बसली.

शेवटी त्यानं आरसा काढला. साधासुधा नव्हे, कडेनं दिवे लागणारा. आणि त्याच्याखाली बेसिन, ग्रॅनाइटचा कट्टा. खर्च एव्हाना लाखाच्या बराच वर गेला होता. आकडा त्यानं मुद्दाम मोठ्यानं सांगितला. सुंदररावांनी हनुवटी खाजवली. ते आत गेले, छबुबाईशी हळू आवाजात काहीतरी बोलले. हनुमाननं कान टवकारले. आता येतंय, आता येतंय! सकाळी सुंदरराव एसटीनं कडा गावाला गेले, दुपारी परत आले आणि त्यांनी त्याच्या हातात पैसे ठेवले.

"आन तो आरसा."

त्या दिवशी हनुमान जेवला नाही.

धोंड्याच्या दिवशी पाहुणे आले. शिवशंकर बारीक अंगाचा, लाजरा, चष्मेवाला पोरगा निघाला. शिव्या घालाव्यात असं त्याच्यात काही सापडेना, याचाच हनुमानला जास्त राग आला. आंघोळीला गेलेल्या पाहुण्यानं थोड्या वेळानं न्हाणीच्या दारातून डोकं बाहेर काढलं.

"दादा, शॉवरला पाणी येत नाहीये."

"टँकर आला न्हाई अजून," हनुमान म्हणाला, आणि हौदातून दोन बादल्या भरून त्यानंच नेऊन दिल्या. दिव्यांच्या आरशासमोर पाहुण्यानं तांब्यानं आंघोळ उरकली.

दुपारी दोघा जावयांना पाटावर बसवलं. ताटांभोवती रांगोळी, मध्ये दिवा, धोंड्यांवर तुपाची धार. आश्रुबासकट चार शेजारी ओसरीत टेकले होते. सुंदररावांनी शिवशंकरला कपडे दिले, मग खिशातून डबी काढून सोन्याची अंगठी त्याच्या बोटात घातली. मग ते हनुमानकडं वळले. त्याला टॉवेल-टोपी दिली, शर्टपीस दिला. झालं.

 आश्रुबासुद्धा नजर खाली घालून तंबाखू मळायला लागला, आणि तेच जास्त झोंबलं. हनुमाननं टोपी डोक्यावर ठेवली आणि खाली मान घालून जेवायला लागला.  मानाचं ताट टाकून उठता येत नाही, म्हणून त्यानं ते कसंबसं संपवलं आणि हात धुवायला म्हणून न्हाणीत आला. बादलीच्या तळाशी उरलेलं पाणी तो तांब्यानं काढत होता, तेवढ्यात सुंदरराव मागोमाग आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"राग आला का रे?"

"न्हाई मामा."

"आला असंल. यायलाच पाहिजे." सुंदरराव त्याच्याकडं न बघता फरशीकडं बघत होते. "तुझी बी अंगठी सांगितलती, कड्याच्या सोनाराकडं. दोघांला एकाच येळंला द्यायची, अन् तुझी जरा जड, थोरला म्हणून. तू आरसा काढलास, मग सकाळच्या गाडीनं गेलो अन् तुझी नको म्हणून सांगून आलो. इसार परत आणला."



"मग आरशाला नको म्हणायचं, मामा." हनुमान म्हणाला. "एकदा तरी मला नको म्हणायचं."

"कसं म्हणू? ल्हानपणापासून बघतोय तुला. लग्नात काय मागितलं न्हाईस, त्याच्यानंतर न्हाई. नुसता राबलास. ह्या येळंला पहिल्यांदा बघितलं, पोरगं हौसेनं सांगतंय, मामा हे घिऊ, मामा ते घिऊ. तुझी मामी म्हणली, अंगठीपेक्षा त्याला हेच आवडतंय जणू, होऊ द्या त्याच्या मनासारखं. पाव्हणं काय, दोन दिसानं जातेत. आमच्या मागं ह्या घरात दिवा लावणारा तूच ना?"

बाहेर ताटं उचलल्याचा आवाज येत होता. हनुमाननं तांब्या कट्ट्यावर ठेवला. आता बोलायलाच पाहिजे होतं. आता नाही बोललो तर आयुष्यभर या माणसाच्या डोळ्याला डोळा देता येणार नाही, हे त्याला लख्ख कळलं.

"मामा, मी हे माझ्यासाठी न्हवतो सांगत. यातलं एक बी माझ्यासाठी न्हवतं."

"म्हंजी?"

"म्हंजी... साडू येणार म्हणून मी..." पुढचं जिभेवर येईना. जळत होतो, एवढंच म्हणायचं होतं.

सुंदररावांचे डोळे भरून आले. चेअरमन होते तेव्हा सभेत खुर्च्या उडाल्या, तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

"साडूसाठी? एवढं सगळं तू त्याच्यासाठी करत होतास?" त्यांनी त्याचा खांदा घट्ट धरला. "अन् मी येडा समजलो, तुलाच हौस हाय. लई मोठं मन हाय रे तुझं."

"न्हाई मामा, ऐका तरी..."

मामा ऐकायला थांबलेच नाहीत. दार उघडून त्यांनी ओसरीपर्यंत जाईल अशा आवाजात सगळं सांगून टाकलं. अंगठीचं, आरशाचं, 'आमच्या थोरल्या जावया'च्या मनाचं. हनुमानला तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकायला मिळत होता. छबुबाईनं पदर डोळ्यांना लावला. आश्रुबा, तोंडात तंबाखू असूनही, "वा रे पठ्ठ्या!" म्हणाला. वनमाला खरकटी ताटं घेऊन उंबऱ्यात उभी होती. ती नवऱ्याकडं एकटक बघत राहिली.

शिवशंकर माणसांतून वाट काढत न्हाणीच्या दारात आला. चष्म्याआड त्याचे डोळे लाल झाले होते.  तो तसाच आत आला आणि खाली वाकून त्यानं थोरल्या साडूच्या पायांना दोन्ही हात लावले. अंगठी हनुमानच्या पायाला गार लागली. त्यानं पाय मागं घ्यायला पाहिलं, पण मागं भिंत होती.