सोमवारी परत याल का?

मला मूल नाही. तरीही नऊ वर्षांत शंभराहून जास्त डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलंय, की माझ्या मुलीला रक्ताचा कॅन्सर झालाय. नऊ वर्षं ती पाचच वर्षांची आहे. तिला ताप येतो, पाय दुखतात, मांडीवर निळे डाग उठतात, आणि मी तीन आठवडे तिला घरचंच तापाचं औषध पाजत बसलेली असते.

हा बाबांचा उद्योग. मुलांच्या कॅन्सरचे डॉक्टर तयार करायचं दोन वर्षांचं प्रशिक्षण ते चालवत. औषधं पुस्तकात सापडतात, मणक्यात सुई घालायला हात शिकतो, पण आईला सांगायचं कसं? म्हणून त्यांनी खोटी आई बसवून सराव सुरू केला. आधी नर्सना बसवलं, तर त्या डॉक्टरांना सांभाळून घ्यायला लागल्या. मग घरचं माणूस धरलं. मी छापखान्यात मुद्रितं तपासते. "नाहीतरी दिवसभर चुकाच काढतेस," ते म्हणाले, "चार आमच्याही काढ."

परीक्षेच्या कागदावर आईसाठी एकच प्रश्न असे: सोमवारी मुलीला घेऊन याच डॉक्टरकडे परत याल का? हो किंवा नाही. बाकीचे गुण कितीही असोत, शेवटचा शब्द आईचा. उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. पहिल्या दिवशी उठून गेलेली आई परत आली नाही, तर मूल हातचं जातं.

हृदयविकाराच्या झटक्यानं बाबांना जाऊन चार महिने झाले. त्यांच्या जागी आलेल्या मॅडमचा फोन आला.

"ये गं. एकच उमेदवार आहे. कोण ते तुला माहितीये."

"टपाल?"

"टपाल. ही तिसरी खेप. या वेळी नाही झालं तर सामान बांधायचं."

टपाल हे नाव बाबांनीच ठेवलेलं. बातमी टाकतो नि सायकल मारतो, म्हणून. डोकं तल्लख, पण वाईट सांगून झालं की याला बूड टेकवत नसे. मी दोन्ही वेळा 'नाही' लिहिलं होतं. त्याच्या गावाकडून मुलाला इथवर आणायला दोन बस बदलाव्या लागतात. बरीच मुलं दुसऱ्यांदा येत नाहीत. त्यांच्यासाठी शिकून तिकडेच जाणार, असं तो सगळ्यांना सांगे.

परीक्षेला मी चाळीस मिनिटं आधी पोहोचले. जिना चढले, उतरले, पुन्हा चढले. मुलांच्या वजनकाट्यावर उभी राहिले नि आकडा न बघता उतरले. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून टपाल येरझाऱ्या घालत होता. तीनदा आम्ही एकमेकांना ओलांडलं.

"ताई, तुम्ही बसा ना."

"तुम्हीच बसा."

कोणीच बसलं नाही.

"सर असते तर म्हणाले असते, या दोघांना एकेक खाट द्या," तो म्हणाला. मला हसू आलं आणि लगेच गेलंही.

आत चाकांचं स्टूल होतं. बाबांनी ते कधीच हद्दपार केलं होतं. चाकांवर बसलेला डॉक्टर बोलता बोलता मागे सरकतो, हे त्यांनी फरशीवर खडूनं रेघा मारून दाखवलं होतं. एक जण तर कपाटाला जाऊन टेकला होता. चार महिन्यांत स्टूल परत आलं होतं. मॅडमना सांगावं असं वाटलं, पण त्या कागद घेऊन कोपऱ्यात बसल्यासुद्धा.

टपाल आला. त्यानं ते स्टूल पायानं बाजूला सारलं आणि बेसिनजवळचं साधं स्टूल ओढून बसला. गुडघा थडथड हलत होता. तिसऱ्याच वाक्यात त्यानं कॅन्सर हा शब्द उच्चारला आणि गप्प झाला. मी मनात आकडे मोजत होते. मागच्या वेळी अकराला उठला होता. या वेळी चाळीस झाले. गुडघा हलत होता, पण माणूस जागेवर होता.

आता माझं वाक्य. "डॉक्टर, मी उशीर केला का?"

"काय काय झालं होतं, सांगाल?"

ताप, असं म्हणायचं होतं.

"गुरुवारी बाबा म्हणाले, जबडा दुखतोय," मी म्हणाले. "घाम आला होता. पित्त असेल म्हणाले. मी गोळी दिली. मला त्याच दिवशी मुद्रितं द्यायची होती, मी निघून गेले. शनिवारी सकाळी..."

कोपऱ्यातलं पेन थांबलं. "आपण थांबूया का?" मॅडम म्हणाल्या. टपालनं त्यांच्याकडे न बघता हात वर केला. त्याचा गुडघा हलायचा थांबला होता.

"संध्याकाळी विचारलंत त्यांना?"

"विचारलं. बरंय म्हणाले. शुक्रवारी कामावर गेले." मग मी विचारलं, "गुरुवारीच दाखवलं असतं तर?"

कागदावरचं उत्तर आम्हा तिघांनाही पाठ होतं: नाही, फरक पडला नसता. चार महिने सगळे मला तेच सांगत होते. आत्या, शेजारी, खुद्द मॅडम.

"कदाचित पडला असता," टपाल म्हणाला. "नक्की मला माहीत नाही. आता कोणालाच सांगता येणार नाही." थोडं थांबून म्हणाला, "सर स्वतः डॉक्टर होते, ताई. ते पित्त म्हणाले, तुम्ही ऐकलंत. मीही ऐकलं असतं. शुक्रवारी राउंडला मी त्यांच्या मागेच होतो. जिन्यात दोनदा थांबले. मला वाटलं, माझ्यासाठी थांबलेत. मी धावत वर गेलो."

तो उठला नाही. मीही नाही. किती आकडे झाले, मोजले नाहीत.

शेवटी मॅडमनी त्याला बाहेर थांबायला सांगितलं.

"उत्तर चुकलं त्याचं," त्या म्हणाल्या. "आईला 'कदाचित' देऊन चालत नाही."

"प्रश्न मी बदलला."

"म्हणूनच ही परीक्षा धरता येत नाही. तू आई नव्हतीसच."

मी कागद ओढला. 'आई' हा छापील शब्द खोडला, समासात 'मुलगी' लिहिलं, आणि खाली 'हो'.

मॅडमनी ते वाचलं. मग दार उघडून त्याला हाक मारली. "रक्ताचा कॅन्सर. आईनं तीन आठवडे उशीर केला. तिला काय सांगशील?"

"तिच्यामुळे झालं नाही, आणि त्या तीन आठवड्यांनी फारसा फरक पडत नाही," तो दारातूनच म्हणाला. "ते मला माहीत आहे, म्हणून सांगेन."

मॅडमनी सही केली. "जा. घरी फोन कर."

तो गेल्यावर त्यांनी चाकांचं स्टूल व्हरांड्यात ढकललं, दार लावलं आणि पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या.

"शुक्रवारच्या राउंडला मीही होते," त्या म्हणाल्या.

पर्स माझ्या खांद्यावर होती. ती मी खाली ठेवली आणि परत बसले.

"सांगा," मी म्हणाले.