वाट चुकलेली पालखी

वॅरस आणि लॉलियस हे रोमचे कॉन्सल, म्हणजे त्या सालचे मुख्य अधिकारी होते, त्या वर्षीची ही हकीकत. मित्रांनो, मी रोममधली एक जुनी पालखी आहे. सीरियाच्या सुताराने मला देवदारातून घडवले. माझ्यात खुद्द सम्राटाची आई व्हेंटिडिया बसत असे. आठ भोई मला उचलत, तेव्हा सिनेटरसुद्धा भिंतीला चिकटून उभे राहत. त्याचा मला आजही अभिमान आहे.

मुलाला गादीवर तिनेच बसवले होते. कोणाला कोणता प्रांत द्यायचा, हे ती माझ्यात बसून ठरवी. चुलीतला पवित्र अग्नी राखणाऱ्या वेस्टा देवीच्या व्रतस्थ कुमारिकांचा मानही तिला मिळाला होता. मृत्युदंडासाठी नेला जाणारा कैदी वाटेत भेटला, तर त्या मानाने तो सुटे. मात्र भेट अवचित झाली, अशी देवीची शपथ घ्यावी लागे. व्हेंटिडियाने खोटी शपथ कधीच घेतली नसती.

मुलगा वीस वर्षांचा झाला आणि त्याला आई जड वाटू लागली. ज्याने त्याला अक्षरे शिकवली, त्या म्हाताऱ्या निकानोरलाच त्याने राजद्रोही ठरवून मृत्युदंड दिला, कारण निकानोर आईच्या बाजूचा होता. ती रदबदली करायला गेली. मुलाने दारही उघडले नाही. कैद्याला कुठून नेतात हे तिला ठाऊक होते. पण मुद्दाम तिकडे गेले, तर शपथ खोटी. "घरी चला," एवढेच म्हणून तिने पडदे ओढले.

पुढचा भोई बिथस, थ्रेसचा. बावीस वर्षांत एक वळण न चुकलेला हा माणूस मासळीबाजारापाशी डावीकडे वळला.

"अरे, घर उजवीकडे. डोळे बाजारात विसरलास काय?" मागचा भोई म्हणाला.

"तू मागे आहेस ना? मग मागेच राहा."

उतारावर शिपाई समोर आले. मध्ये हात बांधलेला निकानोर. पडदा सरला.

"मातोश्री, वाट सोडा," शतपती नेवियस म्हणाला. "नाहीतर शपथ घ्या, की ठरवून आला नाहीत."

तिने बिथसकडे पाहिले. तो खाली मान घालून उभा होता. विचारले असते, तर त्याला सांगावे लागले असते. तिने विचारले नाही.

"वेस्टा माते, मी घरी निघाले होते. हा माणूस मला अवचित भेटला."

नेवियसने दोर सोडले. निकानोर मनगटे चोळत बिथसला म्हणाला, "बाळा, तुला रस्ते शिकवणारा मास्तर माझ्यापेक्षा बरा होता."

वाट चुकल्याबद्दल बिथसला घरच्या नियमाने महिनाभर पाणी भरावे लागले. वर्ष संपायच्या आत व्हेंटिडियाने त्याला गुलामीतून मुक्त केले. त्याने नदीकाठी भाकरीचे दुकान टाकले. निकानोर अथेन्समध्ये मुले शिकवता शिकवता वारला. नेवियस निवृत्त होऊन ऑलिव्ह लावत बसला. व्हेंटिडियाला मुलाने बेटावर धाडले. चार वर्षांनी त्या मुलाला त्याच्याच पहारेकऱ्यांनी मारले, तेव्हा त्याच्यासाठी केस मोकळे सोडून रडणारी ती एकटीच होती. पुढच्या वर्षी तीही गेली.

आता मी एका कोठारात आहे. माझ्यात कोंबड्या अंडी घालतात, घालू देत. पण मित्रांनो, थंडी पडली म्हणून माझे दांडे जाळू नका. पुढच्या दांड्यावर एक गुळगुळीत खळगा आहे. तो बिथसच्या खांद्याचा आहे.