शेठजींची बोट

भिकनने जॅकवर उचललेलं ट्रेलरचं चाक हाताने फिरवलं आणि कान लावला. आत कोणीतरी वाळू भरडत असल्यासारखा आवाज आला. बेअरिंग गेलं होतं. बोट उतरवायची म्हणजे ट्रेलरही चाकं बुडेपर्यंत पाण्यात घालावा लागतो, आणि पाणी एकदा आत शिरलं की मग गंज काही सुट्टी घेत नाही.

"होईल ना रविवारच्या आत?" रोनकशेठने दारातूनच विचारलं. जिनिंगच्या त्या जुन्या शेडमध्ये तो पाऊल टाकत नसे. धुळीने त्याला शिंका येत.

"होईल की. टायर मात्र नवे लागतील, उभ्या उभ्याच चिरले. पण बोट काढायची कुठं? धरणावर?"

रोनक मोबाइलमध्ये पाहत होता. "तुम्ही ट्रेलर रस्त्यावर चालेल असा करा, भिकनभाऊ. पुढचं मी बघतो."

भिकनला तेवढं पुरलं.

बोट रोनकच्या वडिलांनी, दीपचंद शेठनी, हौसेने मुंबईहून आणली होती. धुळ्यात कापडाचं दुकान, सगळा जन्म गादीवर बसून गेलेला, पण माणसाचा जीव पाण्यात. देवपुरात पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या भिकनला त्यांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, "मोटार ती मोटार. पंप पाणी ओढतो, ही ढकलते." मग दर रविवारी पिंपळनेरकडच्या धरणावर आधी शेठजींचे पाहुणे आणि पुढे तिकीट काढून येणारी माणसं भिकनच्या हवाली होऊ लागली. चाळिशी उलटल्यावर त्याला कळलं, की आपल्याला आवडतं असं एक काम जगात आहे.

शेठजी गेले. धरणावर बोट चालवायची परवानगी संपली ती पुन्हा कोणी काढली नाही. बोट देवपूरच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आली आणि भिकनकडे शेडची राखण आली. राखण करता करता तो बोट जपत राहिला. इंजिनाचं तेल बदली, आणि ते दुधासारखं पांढरं तर झालं नाही ना, म्हणून बोटांवर चोळून पाही. तसं झालं म्हणजे सील फुटून आत पाणी गेलं. बुडाच्या फायबरला केसाएवढी चीर दिसली तरी घासून, राळ लावून बुजवी. लोक हसत. इथे पाणी कुठे होतं? पण कधीतरी बोलावणं येईल, आणि त्या दिवशी बोट तयार नाही असं व्हायला नको, एवढं त्याने मनाशी धरलं होतं.

आणि आता बोलावणं आलं होतं. त्याने चाकांचे हब उघडले, जुनी काळी ग्रीस खरवडली, नवे बेअरिंग बसवले. स्प्रिंगच्या पाट्यांचे गंजलेले बोल्ट रॉकेल टाकून, शिव्या घालून सोडवले. मागचे दिवे जोडले. शेवटी इंजिनाचा पंखा पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवून त्याने दोरी ओढली. इंजिन खोकलं, गप्प झालं, पुन्हा खोकलं आणि मग एकदम लागलं. पिंपातलं पाणी उसळून त्याच्या अंगावर आलं. तो तसाच भिजत उभा राहिला.

घरी त्याची बायको पार्वताबाई भाकरी थापत होती. त्याने सांगितलं तरी तिने मान वर केली नाही.

"तुम्हीन बठ्ठा गावले बोटमा फिरावं," ती तव्याकडे पाहत म्हणाली, "माले एक दिन बी बठाडं नही."

खरं होतं. सगळं गाव बोटीत बसून झालं, तीच राहिली. रविवारी गिऱ्हाइकांची गर्दी, इतर दिवशी तिची लोकांच्या शेतातली मजुरी.

"आते चाल," भिकन म्हणाला. "बोट निंघी. तू बी संगे चाल."

"धरणमा पानी शे का?"

"शे. भरपूर शे."

शनिवारी सकाळी रोनकने पाठवलेला वना पिकअप घेऊन आला. "जय भीम, नाना," म्हणत त्याने ट्रेलरचा हुक अडकवला. पार्वताबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून पुढे दोघांच्या मधे बसली. मांडीवर भाकरी-ठेच्याचं फडकं. भिकन सारखा खिडकीतून मागे वळून पाहत होता. चाकं सरळ चालली होती, हब तापत नव्हते. मोठ्या रस्त्यावर आल्यावर मात्र पांझरेच्या पुलाकडे जायचं सोडून पिकअप शिरपूरच्या बाजूला वळली.

"ओ वना, धरण तिकडे ऱ्हायनं."

"धरण?" वनाने त्याच्याकडे पाहिलं. "माले हाऊ लॉनना पत्ता देयेल शे, नाना."

भिकनने मान हलवली, जणू त्याला ते आधीच माहीत होतं. पार्वताबाईने फडक्याची गाठ उगाच पुन्हा घट्ट केली.

लग्नाचं लॉन नवीन होतं. मोठी कमान, हिरवं गवत, आणि टोकाला स्टेजचा सांगाडा. तिथला मॅनेजर अभिमन हसतमुख माणूस होता. त्याने बोटीभोवती चक्कर मारली आणि खूश झाला. "एक नंबर! नवरा-नवरी हिच्यात बसून येणार. खाली निळा कपडा, धूर, लायटिंग. अख्ख्या जिल्ह्यात कोणाकडे नाही. हां, ते इंजिन तेवढं काढून द्या. तिथं धुराचं मशीन बसेल. आणि लायटीसाठी बुडाला भोकं पाडायला आमचा वेल्डर येतोच आहे."

भिकनने रोनकला फोन लावला.

"अहो, शेडची जागाच विकली भिकनभाऊ," रोनक म्हणाला. आवाजात ओशाळलेपण होतं, नाही असं नाही. "बोट ठेवणार कुठं? भंगारात द्यायची जिवावर आली म्हणून तर लॉनला दिली. तुमचंही बोललो आहे अभिमनशी. तिथंच काम आहे तुम्हाला. करून द्या काय लागतं ते."

"आधी सांगायचं होतं, शेठ."

"सांगितलं असतं तर तुम्ही इतकं मन लावून केलं असतं का?"

 फोन बंद झाल्यावरही भिकनने तो थोडा वेळ कानाशीच धरून ठेवला. मग पान्हे काढून इंजिन सोडवायला घेतलं. वनाने हात लावला. दोघांनी ते उचलून भिंतीपाशी गवतावर आडवं ठेवलं.

वेल्डर ड्रिल घेऊन आला तेव्हा भिकनने ते त्याच्या हातातून काढून घेतलं. "फायबर आहे. जोर लावला तर तडे जातील. मी पाडतो." त्याने खुणा केल्या, प्रत्येक खुणेवर चिकटपट्टी लावली, कड फुटू नये म्हणून.

पार्वताबाई इतका वेळ झाडाखाली उभी होती. ती जवळ आली.

"थांबा जरासा. इतली लांब उनूत. बठी लेस मी."

"आठे?"

"मंग कोठे?"

त्याने हात दिला. ती ट्रेलरच्या चाकावर पाय देऊन चढली आणि मधल्या बाकावर अंग चोरून बसली. दोन्ही हातांनी कड धरली.

"पानीमा हालस का?"

"हालस. मंग सवय व्हई जास."

तिने मान डोलावली. समोर जेवणाची टेबलं उलटी रचून ठेवली होती. ती तिकडे पाहत राहिली, भिकनने खाली वाकून खुणा पुन्हा तपासल्या. मग तीच म्हणाली, "पाडा आते." ड्रिलचा आवाज सुरू झाला तरी ती उतरली नाही. पांढरा भुसा त्याच्या दंडावर, केसांत पडत गेला.

रविवारी संध्याकाळी त्याला पांढरा कोट-विजार, सोनेरी पट्ट्या आणि कप्तानाची टोपी मिळाली. टोपी ढिली होती, अभिमनने तिच्यात वर्तमानपत्र कोंबलं. "फक्त स्टेअरिंग धरून उभं राहायचं, नाना. आणि हसायचं."

पडद्यामागून दोन पोरगे ट्रेलर ढकलत होते. चाकं इतकी हलकी फिरत होती, की त्यांना जोर लावावाच लागला नाही. धुराने गवत झाकलं. शेकडो मोबाइल वर झाले. बोटीत नवरी शालूत उभी होती. ट्रेलर हेलकावला तशी तिने घाबरून भिकनची बाही धरली.

"बसून घ्या ताई," तो हळूच म्हणाला. "मधोमध. काही होत नाही."

ती बसली. नवराही बसला. बोट स्टेजला लागली, फुलांनी सजवलेला जिना लावला गेला, दोघं उतरली आणि गर्दी त्यांच्यामागे गेली. फोटोवाल्याला उंचावरून फोटो हवा होता. त्याने तो जिना उचलून नेला.

भिकन वरच राहिला. उडी मारली असती, पण विजार भाड्याची होती आणि मांडीत घट्ट. धुराचं मशीन कोणीतरी बंद केलं. हळूहळू खालचं गवत दिसू लागलं, तुडवलेलं, फुलांच्या पाकळ्या पडलेलं. जेवणासाठी हाळी आली. लोक बोटीला वळसा घालून ताटांकडे जाऊ लागले. भिकनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि कोणीतरी जिना आणेल म्हणून बाकावर बसून राहिला.