नारळाच्या सोडणाची चकाकी

बातांगासमधल्या माहेरच्या घराचं सरकारने स्मारक केलं, धाकट्या भावाचं, जनरल इसिद्रोचं. पुरा नावाची त्याची म्हातारी थोरली बहीण काठी टेकत बघायला गेली, तर दिवाणखान्याला दोरी बांधलेली.

पहारेकरी खेकसला, "आजी, मागे व्हा! या लाकडी जमिनीवर जनरलसाहेब लहानाचे मोठे झाले. अजून आरशासारखी चकाकतेय!"

"चकाकणारच! पायाखाली नारळाचं काथ्याळ सोडण धरून वीस वर्षं रोज सकाळी मी घासलीये ती. तुझा जनरल चिखलाचे पाय घेऊन नाचायचा, आणि आई मलाच म्हणायची, 'त्याला बोलू नकोस, पुन्हा घास.'"

पहारेकरी एकदम नरमला. "असं होय! म्हणजे तुम्ही साहेबांच्या घरी कामाला होतात?"

पुराने काठी आपटली.

"होते. बिनपगारी."