माझ्या माथ्यावरची पांढरी पट्टी

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही आधी एवढंच म्हणाल, की हे चित्र वरून जरा आखूड आहे. खरं आहे ते. जाड पुठ्ठ्यावर छापलेली मी एका नाटकाची जुनी जाहिरात. माझा माथा कात्रीनं गेला.

माझा जन्म अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहराच्या स्लोव्हेनियन वस्तीतला. पाव्ला झागर नावाच्या बाईंनी अक्रोडाची पोळी भट्टीत भाजायला ठेवून, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला रंगवलं. दुधाचं भांडं घेतलेली गिरणीवाल्याची मुलगी आणि मागे निळा डोंगर. वस्तीतल्या गायकमंडळाचं ते संगीत नाटक होतं. ओगरिन यांच्या छापखान्यात माझ्या पुष्कळ बहिणी निघाल्या. आमच्या माथ्यावर एक पांढरी पट्टी कोरी ठेवलेली असे. नाटक ज्या गावी जाई, तिथल्या सभागृहाचं नाव आणि तारीख तिच्यावर मागाहून छापत. खाली छापखान्याचं नाव ठसठशीत होतं. पाव्लाबाईंना जागाच उरली नाही, म्हणून त्यांनी मूळ चित्रातच त्या पट्टीच्या कोपऱ्यात आपलं नाव बारीक अक्षरांत लिहिलं, आणि ते आम्हा सगळ्यांवर उमटलं.

मी एका न्हाव्याच्या दुकानात काचेमागे उभी राहिले. जो दुकानदार जाहिरात लावी त्याला नाटकाचे दोन पास फुकट मिळत. येणारे-जाणारे थांबत, "पोरगी आता बोलेल बघ," म्हणत. तेव्हा मला एकटेपणा ठाऊकच नव्हता.

नाटक संपलं आणि माझ्या बहुतेक बहिणी कचऱ्यात गेल्या. न्हाव्याचा मात्र माझ्यावर जीव जडला होता. त्यानं आरशाशेजारी लावायला एक चौकट आणली. ती आखूड निघाली. होऊन गेलेल्या तारखेचं आता काय काम, असं म्हणून त्यानं केसांच्या कात्रीनंच माझी पट्टी उडवली. नाव केसांबरोबर झाडलं गेलं. त्यानं हे प्रेमानंच केलं, मित्रांनो. म्हणून तर त्याच्यावर रागावताही येत नाही.

पुढे दुकान बंद झालं आणि मी वस्तीच्या सभागृहातल्या कपाटाच्या एका खणात येऊन पडले. खालून गाण्याच्या तालमी ऐकू येत. पण मला कुणी काढलं हे मलाच तेवढं माहीत आहे असं मला वाटे, आणि सांगायला तोंड नव्हतं.

तिथल्या जुन्या वस्तू जस्टिना कोवाचिच सांभाळते. एका प्रकाशकाला मी जुन्या नाटकांच्या चित्रांच्या पुस्तकात हवी होते. पण चित्रावर हक्क ते काढणाऱ्याचा, आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. त्यांची लेखी परवानगी सोमवारपर्यंत मिळाली नाही, तर माझं पान गळणार होतं. जस्टिनानं जमेल तितक्या घरी विचारलं. त्यांतल्या कुणालाच आठवेना. शेवटी ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या शुक्रवारी, सगळी वस्ती तळलेले मासे खायला सभागृहात येते तेव्हा, तिनं मला रांगेशेजारी उभं केलं.

"अगं, खाली नाव आहे की! ओगरिन. माझे सख्खे काका," लुडविग ओगरिन म्हणाला.

"तुझे काका चित्रं काढायचे?"

"छापखाना होता म्हणजे काढतच असणार. आण तो कागद, सही देतो. तू मला एक मासा जास्त वाढ."

"आणि कोबीची कोशिंबीर?"

"ती तुझी तूच खा!"

रांग हसली. जस्टिनाला सोमवार आठवला आणि तिनं कागद काढला. मी पुठ्ठ्याची असूनही आतून हलले. दुसऱ्याचंच नाव आता कायमचं माझ्यावर बसणार होतं.

"थांब, जस्टिना." काठी टेकत अल्बिना मावशी पुढे आल्या. "लुडी, तुझ्या काकाला सरळ रेघ ओढता येत नव्हती. शाईचे रूळ फिरवायचा तो, आणि ते झकास फिरवायचा. हे माझ्या आईनं काढलंय. पाव्ला झागरनं."

"मावशी, म्हातारपणी सगळ्यांचीच आई चित्रकार होते."

"त्या पोरीचा डावा मोजा बघ."

सगळे वाकले. ती पुठ्ठ्याची सुरकुती आहे असंच आजवर सगळ्यांना वाटे. तो घोट्यापर्यंत घसरलेला मोजा होता.

"ती मी आहे. मोजा वर ओढायला वाकले तर आई ओरडली, 'हलू नकोस, राहू दे तसाच!'"

लुडविगनं पेनाला टोपण लावलं. "मग तो मासा मावशींना वाढा. माझ्याकडून."

"माझा विश्वास आहे, मावशी," जस्टिना म्हणाली, "पण प्रकाशक पुरावा मागेल."

"आईनं तळघरात मुरंब्याच्या बरण्यांखाली असलेच पुठ्ठे अंथरले होते. बघते."

दुसऱ्या दिवशी त्या माझी एक बहीण घेऊन आल्या. अंगभर बरण्यांची वर्तुळं, पण माथा शाबूत, आणि कोपऱ्यात ते बारीक नाव. एक दुपारभर आम्ही टेबलावर शेजारी शेजारी होतो. अल्बिना मावशींनी सही केली. अट एकच घातली, चित्राखाली आईचं पूर्ण नाव हवं.

पुस्तकासाठी फोटो बहिणीचा निघाला. पुरी होती ना ती! मावशी तिला पुन्हा घरी घेऊन गेल्या.

जस्टिनानं मला उलटं केलं आणि पाठीवर हलक्या हातानं पेन्सिलीनं लिहिलं, पाव्ला झागर. मग तशीच पालथी खणात ठेवली.

मित्रांनो, चित्र चौकटीत बसत नसेल तर मोठी चौकट शोधा. आणि कापावंच लागलं, तर जो तुकडा टाकणार तो आधी वाचून पाहा.

आता माझं तोंड लाकडाकडे आहे आणि इथे अंधार आहे. पण नाव वरच्या बाजूला आहे. कुणी खण उघडलाच, तर आधी तेच दिसेल.